लाभाचं माप

गव्हाची बिअर कुणाला कोणती मानवेल हे त्या माणसाच्या पोळी खाण्यावरून सांगणारे गृहस्थ मी आयुष्यात एकच पाहिले. त्यांचं संगमनेरच्या बाजारपेठेत धान्याचं दुकान होतं आणि दुकानाच्या वरच्या खोलीत मी काही वर्षं भाड्यानं राहिलो. सगळं गाव त्यांना अण्णा म्हणायचं, म्हणून मीही अण्णाच म्हणायचो. मी दूध संघाच्या प्रयोगशाळेत नोकरीला, मूळचा पाथर्डीकडचा. खोली बघायला गेलो तेव्हा अनामत रक्कम, लग्न झालंय का, मित्र किती येणार, असलं काही त्यांनी विचारलंच नाही. पहिला प्रश्न एकच, गहू कोणता खातोस. मी आपला खरं बोलून गेलो, की आमच्याकडे भाकरी असते. त्यांनी मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं, किल्ली हातावर ठेवली, आणि त्या दिवसापासून माझं नाव 'बाजरी' पडलं ते पडलंच. पुढे पुढे कुरिअरवालासुद्धा खालून "बाजरी, पार्सल आलंय" म्हणून हाक मारायचा.

अण्णांचं गहू विकणं म्हणजे स्थळ बघण्यापेक्षा कमी नव्हतं. उन्हाळ्याच्या तोंडाला वर्षाचा गहू भरायला बायका यायच्या, तर हे आधी त्यांची उलटतपासणी घ्यायचे. घरात माणसं किती, पोळ्या कोण लाटतं, म्हातारं कुणी आहे का, त्याचे दात कसे आहेत, सकाळी भरलेला डबा दुपारी कधी उघडतो. मग जो गहू बाई मागत असेल तो सोडून भलताच दाखवायचे. एकदा एका बँकेतल्या बाईंनी सगळ्यात महाग शरबतीवर बोट ठेवलं तर यांनी तो द्यायला साफ नकार दिला. म्हणाले, तुमी पीठ मळून लगेच लाटता, ह्या गव्हाला निवांत बाई लागती. बाई चिडल्या, गेल्या, आणि पंधरवड्यानं परत येऊन अण्णा म्हणतील तो घेऊन गेल्या.

गहू पारखायची त्यांची रीत एकच. चार दाणे तोंडात टाकायचे आणि चावत राहायचं. लहानपणी आपण सगळ्यांनीच कच्चा गहू चावून चिंगम केलेलं असतं. अण्णांचं ते वयाच्या सत्तरीतही चालू होतं. चिकट गोळा जिभेवर किती वेळ टिकतो यावर ते गव्हाची लायकी ठरवायचे. सोनईकडचा एक शेतकरी दरवर्षी गहू घेऊन यायचा, पाट जवळून गेलेला, पाणी भरपूर, खताला मात्र हात आखडता, त्यामुळे दाण्याच्या पोटावर पांढरे डाग. असा दाणा मऊ पिठूळ असतो, चावला तर गोळाच होत नाही. अण्णा दरवर्षी तो थुंकायचे आणि दरवर्षी त्या बिचाऱ्याला चार लोकांत म्हणायचे, की बाबा, हा गहू घरी कोंबड्यांना घाल.

आणि मोजायची रीत. दुकानात इलेक्ट्रॉनिक काटा होता, पण जुन्या गिऱ्हाइकाला अण्णा पितळी मापानं मोजून द्यायचे. पहिलं माप ओतताना 'एक' म्हणायचं नाही, 'लाभ' म्हणायचं. लाभ, दोन, तीन, चार. ही जुन्या लोकांची चाल. धान्याची सुरुवात नुसत्या आकड्यानं करू नये म्हणून. अण्णांचा तो 'लाभ' फार सुरेख असायचा. बाकीचे आकडे घाईत, पण लाभ म्हणताना आवाज जरा खाली जायचा आणि लांबायचा. वर खोलीत झोपलेलो असलो तरी मला तो ऐकू यायचा.

आता बिअर. हा माणूस व्यसनी होता असं कुणाला वाटेल तर वाटू नये. आठवड्यातून एकदा, रविवारी दुपारी, जेवताना, एक ग्लास. दुसरा त्यांनी कधी ओतलेला मी पाहिला नाही. आणि तीही फक्त गव्हाची. कडक बिअर पिणाऱ्यांची त्यांना कीव यायची. "ती बिअर न्हाई, ती घाई हाय," म्हणायचे.

त्यांच्या बाटल्यांना त्यांनी स्वतःच नावं ठेवली होती, कारण परदेशी नावं उच्चारण्याची त्यांची तयारी नव्हती. बेल्जियमच्या पद्धतीची, धने आणि संत्र्याची साल घालून केलेली, ती संत्रावाली. जर्मन पद्धतीची, जिला पिकल्या केळ्याचा आणि लवंगेचा वास येतो, ती केळवाली. केळं नि लवंग त्यात कुणी घालत नाही, तो वास नुसत्या यीस्टचा, हे ते इतक्या कौतुकानं सांगायचे की ऐकणाऱ्याला वाटावं यीस्ट यांच्या माहेरचं आहे. आणि तिसरी काळी, भाजलेल्या गव्हाची, तव्यावर जरा जास्त राहिलेल्या पोळीच्या पापुद्र्यासारखी. पहिल्यांदाच पिणाऱ्याला संत्रावाली. ज्याला शिकरण आवडतं त्याला केळवाली. जो पोळीचा करपलेला भाग मागून खातो त्याला काळी. हे त्यांचं शास्त्र, आणि गंमत म्हणजे ते चुकत नसे.

मला त्यांनी संत्रावालीवर सुरू केलं. बाजरी खाणाऱ्याला गव्हातलं हळूहळूच दाखवावं लागतं, असं त्यांचं मत. बाटली दातखीळ बसेल इतकी गार करायची नाही, चव मरते. ग्लास उंच पाहिजे. त्यांनी लस्सीचे दोन ग्लास त्यासाठी राखून ठेवले होते. ग्लास तिरका धरून सावकाश ओतायची. वर फेस येतो त्याला ते साय म्हणायचे. शेवटी बाटलीत दोन घोट ठेवायचे, बाटली तळव्यावर गोल फिरवायची आणि खाली बसलेला गढूळ भाग वरून सोडायचा. मी पहिल्यांदा तो बेसिनमध्ये ओतायला निघालो तर त्यांनी माझं मनगट धरलं. म्हणाले, गाळ न्हाई त्यो, जीव हाय तिचा. लिंबू पिळणाऱ्यांशी तर ते बोलणं टाकायचे. आणि संत्रावालीबरोबर काकूंच्या, म्हणजे अण्णांच्या बायकोच्या, हातची मासवडी. रश्श्याचा तिखटपणा आणि ते धन्याचं गार पाणी, आहाहा, आजही रविवारी दुपारी माझी जीभ उगाच वाट बघते.

दुकानात गहू घ्यायला आलेल्या पुरुषांना ते हळू आवाजात शिफारस करायचे. विमा एजंटाला केळवाली, डॉक्टरांना केळवालीच पण जेवणाआधी, नवीन लग्न झालेल्या एका पोराला संत्रावाली, "बायकूलाबी इचार, एकट्यानं पिऊ नको." नाशिक-पुणे रस्त्यावर बिअर शॉपी होती, तिचा मालक आधी वैतागला. लोक येऊन अण्णांची केळवाली मागायला लागले, आणि त्याला ती कोणती हेच ठाऊक नाही. नंतर शहाणा झाला, अण्णांसाठी एक खुर्चीच ठेवली त्यानं.

पण एक गोष्ट माझ्या ध्यानात यायला बरेच महिने गेले. कुणाला पसंतीक्रम सांगताना अण्णा दोनपासून सुरू करायचे. दोनला केळवाली, तीनला संत्रावाली, चारला काळी. ऐकणाऱ्याला वाटायचं म्हातारा विसरला. एकदा जेवताना मी विचारलंच, की अण्णा, पहिली कोणती? काकू पोळी वाढत होत्या त्या थबकल्या. अण्णांनी घोट घेतला, मिशी पुसली.

"लाभ अजून मापात पडला न्हाई," ते म्हणाले, आणि लोणचं मागितलं.

त्याचा अर्थ मला काकूंनी त्यांच्या माघारी सांगितला. त्यांचा एकुलता एक मुलगा. अन्नतंत्रज्ञान शिकला, बिस्किटाच्या कारखान्यात लागला, गावभर पेढे वाटून झाले. आणि एक दिवस ती नोकरी सोडून पुण्यात एका हॉटेलात गेला, जिथे बिअर तिथल्या तिथे तयार करतात. अण्णा त्याला एवढंच म्हणाले होते, की बापजाद्यांनी गहू लोकांच्या ताटात घातला, तू ग्लासात घाल. झालं. भांडण नाही, आरडाओरडा नाही, फक्त बोलणं बंद. दिवाळीला मुलगा यायचा तेव्हा बाप-लेक एका पंगतीला बसायचे आणि मीठ हवं असलं तरी काकूंना सांगायचे, की ह्याला सांग मीठ दे.

पण अण्णा पडले व्यापारी. माल बघितल्याबिगर भाव पाडायचा न्हाई, हे त्यांचं रोजचं वाक्य. मुलाचा धंदा वाईट म्हणायचा तर आधी तो माल कळायला हवा. म्हणून त्यांनी कापडी पिशवीतून पहिली बाटली आणली, तोंड वाकडं करून प्यायली आणि दुसऱ्या रविवारी दुसरी आणली. असं करता करता तोंड वाकडं करायचं राहून गेलं. आता गावात त्यांच्याइतकं गव्हाच्या बिअरमधलं कुणाला कळत नव्हतं; फक्त जिच्यासाठी हे सगळं शिकले, ती मुलाची बिअर तेवढी त्यांनी चाखली नव्हती. काकूंनी कितीदा म्हणून पाहिलं. अण्णांचं उत्तर ठरलेलं, तोंड अजून तयार झालं न्हाई.

मला वाटतं ते घाबरत होते. ती वाईट निघाली तर मुलाला सांगावं लागणार, आणि चांगली निघाली तर स्वतःला.

काकू मात्र वाट बघत बसणाऱ्यांतल्या नव्हत्या. मी दर शनिवारी पुण्याला बहिणीकडे जायचो, हे त्यांनी हेरलं. मुलाच्या बिअरमध्ये थोडा कच्चा गहू लागतो, तर तो आपल्याच दुकानातला का नसावा, असा त्यांचा साधा हिशेब. पण दुकानातून दाणाही अण्णांच्या नजरेआड हलत नसे. तेव्हा काकूंनी मला पढवलं, की बहिणीसाठी गहू पाहिजे म्हणून माग. बहीण खरी होती, पुण्यात होती, फक्त तिच्या घरी भाकरी व्हायची. मी मागितला मात्र, आणि अण्णांचा चेहरा असा उजळला, जणू मी धर्मांतर करून आलो होतो.

मग माझी उलटतपासणी. बहिणीकडे माणसं किती, कणीक कोण मळतं, तिचा हात हलका का जड, नवरा डबा नेतो का. मी जे तोंडाला येईल ते सांगत सुटलो. अण्णांनी डोळे मिटून ऐकलं आणि दुकानातला सगळ्यात उत्तम, दाताखाली रबरासारखा चिवट होणारा शरबती काढला. म्हणाले, ह्याचा फुलका असा फुगंल की मेहुणा ऑफिसला जायचा न्हाई. त्यानंतर दर महिन्याला मी एसटीत गोणी चढवायचो, कंडक्टर सामानाचं तिकीट फाडताना पुटपुटायचा, आणि नाशिक फाट्याला अण्णांचा मुलगा मोटरसायकल घेऊन उभा असायचा. गोणी उचलताना तो तिचा वास घ्यायचा. दुकानाचा वास येतो म्हणायचा. परत आलो की अण्णा पहिलं विचारायचे, पोळ्या कशा झाल्या? मी म्हणायचो, फार मऊ. ते म्हणायचे, व्हय ना, मी सांगितलंच हुतं.

असं हे वर्षभर चाललं असेल, आणि मग डॉक्टरांनी अण्णांना साखर सांगितली. गोड बंद, भात कमी, आणि पोळीच्या जागी भाकरी. बाजरीची. हे ऐकून मी दुकानात हसत सुटलो, आणि अण्णांनी माझ्याशी दोन दिवस बोलणं टाकलं. पण खरा धक्का पुढे होता. बिअर पूर्ण बंद. अण्णा दवाखान्यात जाऊन भांडले. डॉक्टरांना केळवाली यांनीच लावली होती, त्यामुळे त्यांचीही जीभ जड झाली असावी. त्यांनी एक शेवटचा ग्लास मंजूर केला. त्यानंतर नाव काढायचं नाही.

ही बातमी बाजारात फुटली आणि शेवटचा ग्लास कोणता, यावर पैजा लागल्या. केळवालीच असणार, असं बहुतेकांचं म्हणणं. शॉपीवाल्यानं तर एक बाटली अण्णांच्या नावानं वेगळी काढून ठेवली आणि पैसे घेणार नाही म्हणाला. काकू मात्र दुकानाच्या मागच्या ओसरीवर सूप घेऊन बसायच्या आणि निवडलेलाच गहू पुन्हा निवडायच्या. मला त्यांच्याकडे बघवत नसे. चूक झाली असती तर परत फिरायची सोय नव्हती, एकच माप उरलं होतं.

शुक्रवारी संध्याकाळी अण्णा माझ्या खोलीच्या दारात आले. कधी येत नसत, जिना चढायचा त्यांना कंटाळा. म्हणाले, उद्या पुण्याला जातोस तर आमालाबी घेऊन चल. तुझ्या बहिणीकडं न्हाई.

शनिवारी आम्ही तिघं एसटीत. अण्णा कडक इस्त्रीच्या सदऱ्या-लेंग्यात, टोपी घालून, काकू मासवडीचा डबा मांडीवर घट्ट धरून. आळेफाट्याला अण्णांनी विचारलं, त्याच्याकडं उंच ग्लास असंल का? काकू म्हणाल्या, नसला तर ओंजळीत प्या.

ते हॉटेल सगळं काचेचं. आत पाण्याच्या टाकीएवढाली स्टीलची भांडी, आणि टेबलांवर माझ्याहूनही लहान वाटावीत अशी पोरं-पोरी. टोपीवाले अण्णा आत शिरले तशी एक-दोन पोरं उठून उभी राहिली, कुणाचे तरी आजोबा आले असं वाटून. मुलगा गमबूट आणि एप्रनमध्ये आतून आला, आणि बापाला बघून जागीच थांबला. ओल्या हातानं नमस्कार करावा का नाही हे त्याला सुचेना. शेवटी वाकला. अण्णांनी पाय मागे घेतले नाहीत, एवढंच.

ग्लास त्यानं स्वतः आणला. उंच होता. अण्णांनी तो उजेडात धरला, वास घेतला, घोट घेतला आणि तोंडात फिरवत ठेवला. मी त्यांना दुकानात हजारदा असं करताना पाहिलं होतं. मुलगा एप्रनला हात पुसतोय तो पुसतोय. काकूंनी डब्याचं झाकण काढलं आणि पुन्हा लावलं.

"धनं बरोबर पडल्यात," अण्णा म्हणाले, थेट मुलाशी, कित्येक वर्षांनी. "साल ताजी हाय. साय चांगली धरलीय." काकूंनी डब्याचं झाकण पुन्हा काढलं. "गव्हात मात्र चूक झालीय. जड लागतोय. गहू कुठला हाय ह्यो?"

मुलानं माझ्याकडे पाहिलं, मी काकूंकडे, आणि काकूंनी छताच्या पंख्याकडे.

अण्णा उठलेच. भांड्यांच्या मागे मालाची खोली होती, तिथे गोणी तोंड उघडून ठेवलेली. त्यांनी मूठ घातली, चार दाणे तोंडात टाकले आणि चावू लागले. आम्ही तिघं दारात उभे, शाळेतून काढून टाकायला उभं करतात तसे. बराच वेळ ते चावत होते. मग गोळा जिभेवर थांबला. ते वळले, मुलाकडे नाही, बायकोकडे नाही, माझ्याकडे.

"बाजरी, ह्यो गहू तर तुझ्या बहिणीचा हाय."

जमीन दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं मला झालं. बोलला तो मुलगा.

"अण्णा, मला माहीत आहे हा बिअरला चालत नाही," तो म्हणाला. "फार चिकट आहे. दर वेळी गाळण तुंबते, निम्मा दिवस मी फावडं घेऊन ढवळत बसतो. मालक म्हणतात दुसरा आण. पण हा घरचा आहे."

अण्णा टेबलाशी परत आले, बसले. ग्लासात तळाशी थोडी उरली होती. त्यांनी ग्लास तळव्यावर गोल फिरवला, खालचा गढूळ भाग वर आला, आणि शेवटच्या थेंबापर्यंत प्यायले. मग रिकामा ग्लास सावकाश खाली ठेवला.

"लाभ," ते म्हणाले.

दुकानात म्हणायचे तसंच, आवाज जरा खाली, जरा लांबवून. काकूंनी पदर डोळ्याला लावला. मुलगा खुर्ची ओढून बापाशेजारी बसला आणि त्यानं डब्यातली मासवडी उचलली.

पुढचा शनिवार. मी पिशवी घेऊन खाली उतरलो तर जिन्याच्या पायरीवर गोणी तयार. अण्णा शेजारी उभे. मला वाटलं आता वर्षभराच्या थापांबद्दल बोलणी बसणार. त्यांनी गोणीचं तोंड जरा सैल केलं आणि मला दाणे दाखवले. मऊ, पिठूळ, पोटावर पांढरे डाग. सोनईच्या त्या शेतकऱ्याचा गहू. त्याच्या घरी अण्णा स्वतः जाऊन आले होते आणि कोंबड्यांना घाल म्हटल्याची भरपाई म्हणून त्याच्या अंगणात बसून चहा प्यायले होते. चहा बिनसाखरेचा.

मी गोणी उचलली. त्यांनी मागून हाक मारली.

"बहिणीला सांग," म्हणाले, "ह्याच्या पोळ्या करू नको म्हणावं. लई वाईट होत्यात."